गुरुवारचं ताट

मोरीत ताट वाजलं आणि इंदूच्या कुशीत नुकतंच निवलेलं बाळ दचकून पुन्हा चोखू लागलं. मघापासून घरात कसलाच आवाज नव्हता. पुढच्या सायकलच्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या, कारण इंदूचा नवरा ज्योतीराम टायरट्यूब आणायला सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला होता. थोरली हिरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पाटीवर मोर काढत होती. रस्त्यावरच्या सायकलीही या वेळेला थांबलेल्या असत. खडकीच्या कारखान्याची पहिली पाळी कधीच आत गेलेली, दुसरीला अजून अवकाश. अशा त्या थबकलेल्या घरात ताट वाजलं, मग वाटी, मग तांब्या. वझेदादांचं जेवण झालं होतं. ते आपलं ताट आपणच घासत. राखेची चिमूट किती घ्यायची हेही त्यांना ठाऊक झालं होतं. पाच वर्षं दर गुरुवारी हा आवाज इंदूनं ऐकला होता आणि दर वेळी तिला बरं वाटलं होतं. आज मात्र तो ऐकताना तिच्या ध्यानात आलं की, बाळ रडलं नव्हतं. ते झोपलेलंच होतं. दादा जेवत असताना तिनं ते पाळण्यातून उगीच उचललं, आतल्या खोलीत नेलं, पदराखाली घेतलं. आपण पाहुण्याला अर्ध्या जेवणावर सोडून आत का आलो, हे तिला ताट वाजेपर्यंत कळलं नव्हतं. दादांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला होता आणि सहज म्हणाले होते, "पुनावळ्याच्या चिमाजींची गाय व्याली, बरं का ताई. कालवड झाली." ती म्हणाली होती, "हो का? बरं झालं." आणि उठली होती.

गाय व्याली यात घाबरण्यासारखं काय होतं? पण चिमाजी कधी दादांच्या वाटेवर नव्हता. दादांच्या जेवणाचे वार लागलेले होते, सात वारांची सात घरं, आणि त्यात पुनावळं नव्हतं. पुनावळ्याला गेला होता ज्योतीराम, गेल्याच्या गेल्या सोमवारी, सायकलवर, दुकान बंद ठेवून. दुसऱ्या दिवशी पिंपळे गुरवला तात्याबाकडे, आणि तिसऱ्या दिवशी चाकणच्या पलीकडे आपल्या भावकीतल्या दोघांकडे. कुणाला सांगून गेला नव्हता. एक ती आणि एक त्याचा लहानपणापासूनचा मित्र दत्तोबा, एवढ्यांनाच माहीत. तात्याबाच्या घरच्या लोणच्याचीही आज दादांनी तारीफ केली होती, जेवायला बसताबसता. तेव्हा तिनं ते कानाआड केलं होतं. म्हणजे ज्योतीराम जिथं जिथं गेला, तिथं तिथं मागून दादा गेले होते. त्याच दारांशी, त्याच क्रमानं. धूळ खाली बसायच्या आत.

वझेदादा पहिल्यांदा या घरी जेवायला आले तेव्हा हिरा रांगत होती. दादा संघटनेचे प्रचारक. लग्न नाही, घर नाही, दोन सदरे, एक धोतर, एक सायकल, तीही ज्योतीरामच्याच दुकानात दुरुस्त केलेली. चिंचवडच्या स्टेशनाजवळ एक खोली संघटनेनं दिली होती, तिथं ते निजत. इंदूनं त्या दिवशी वरणभात केला होता, वर तुपाची धार, कारण ब्राह्मणाला काय वाढायचं हे तिला माहीत नव्हतं आणि चुकायची भीती होती. दादा म्हणाले, "तुमच्याकडे रोज जे होतं ते करा ताई, नाहीतर मी पुढच्या गुरुवारी येणार नाही." आणि उठून आपलं ताट घेऊन मोरीत बसले. ती "अहो, अहो" करत राहिली. त्यांच्या पाठमोऱ्या मानेकडे बघताना तिला एक जुनी गोष्ट आठवली होती. ती तिनं ज्योतीरामलाही कधी सांगितली नाही. ती पंधरा वर्षांची असताना, गांधीजी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, भामा नदीच्या काठच्या तिच्या माहेरी कुळकर्णी मास्तरांचं घर पेटलं होतं. तिचा चुलता त्या गर्दीत होता. परत येताना त्यानं एक घंगाळ आणलं, हिरवट झालेलं, कान मोडलेलं, आणि परसात ठेवलं. कुणी त्यात पाणी तापवलं नाही, कुणी ते बाहेरही टाकलं नाही. मास्तरांची लीला तिच्याबरोबर सातवीला होती. ती पुढं कुठं गेली ते कळलं नाही. दादा ताट घासत होते आणि इंदूला वाटत होतं, आपण काहीतरी परत देतो आहोत, थोडं थोडं, दर गुरुवारी एक ताट. असं परत देताना माणूस हात आखडता घेत नाही. या माणसापासून काही लपवायचं नाही, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं, कुणी न सांगता. आणि मग हिराला घटसर्प झाला. तेव्हा भर दुपारी सायकल मारत पुण्याला जाऊन इंजेक्शन आणलं ते दादांनीच. ज्योतीराम नुसता भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टर म्हणाले होते, दोन तास उशीर झाला असता तर. त्या वर्षी भाऊबिजेला इंदूनं दादांना ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यांनी तिला एक सुईदोऱ्याची डबी दिली आणि लाजले.

"ताई, झोपलं का बाळ?" दादांनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

ती पदर सारखा करत दाराशी आली. दादा पंच्यानं हात पुसत उभे होते, पाट भिंतीला लावून ठेवलेला.

"ताक राहिलं वाढायचं," ती म्हणाली.

"घेतलं मी. रविवारी बैठक आहे, माहीत असेलच."

"म्हणत होते हे."

"ज्योतीरामांची प्रकृती हल्ली बरी नसते, नाही?"

"कुणाची? यांची?" ती हसलीच. "यांना काय धाड भरलीय! काल दोन चाकं खांद्यावर टाकून आकुर्डीला गेले होते चालत." आणि मग तिचं हसू तसंच राहिलं. ज्योतीराम पक्षाच्या इथल्या शाखेचा अध्यक्ष झाल्यापासून दादा त्याला नेहमी 'आपले अध्यक्ष' म्हणत. चार वर्षांत दुसरं काही म्हटलं नव्हतं. आज ते नुसतं ज्योतीराम म्हणाले होते.

"धावपळ फार होते त्यांची," दादा म्हणाले. "पुनावळे, पिंपळे गुरव, थेट चाकणच्या पुढं. शिवाय दुकान. त्यांनी स्वतःच उठून रविवारी म्हणावं, थोडे दिवस विश्रांती घेतो. शोभून दिसेल. चाकणचे मारुतराव आहेत, ते सांभाळतील."

"म्हणजे वरून ठरलंय?"

"आपल्यात वर-खाली असं काही नसतं, ताई. विचारविनिमय झाला."

"कुठं झाला? बैठक तर रविवारी आहे."

दादा हसले, लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं तसे, मायेनं. "बैठकीत फक्त सांगायचं असतं."

"आणि यांनी मतं मागितली तर? कार्यकारिणी मत देते ना?"

"मतं कशाला? मतं म्हणजे दोन तट. आपल्याकडे एकमत होतं." त्यांनी पंच्याची घडी घातली, काठ काठाला लावून. "मागितलीच, तर एकोणीसमधले सतरा हात त्यांच्या विरुद्ध वर जातील. ते त्यांना बघावं लागू नये, इतकंच माझ्या मनात आहे. मी काही त्यांचा वैरी नाही."

"हे तुम्ही त्यांनाच का सांगत नाही?"

"त्यांना राग येतो. तुमचं ऐकतात ते." मग हिराच्या पाटीकडे वाकून, "अरे वा, मोर! पिसारा मिटलेला का गं?" असं विचारून, तिच्या डोक्यावर हात ठेवून ते गेले. सायकलची साखळी कुरकुरत स्टेशनच्या अंगाला लांब गेली.

वैरी नाही, हे खरं होतं. तीच तर पंचाईत होती. इंदू चुलीपुढं बसली आणि दादांच्या बोलण्यातला खोटा शब्द शोधू लागली. एकही सापडेना. चांगला माणूस इतक्या हळुवारपणे घराचा वासा काढून नेऊ शकतो, आणि नेताना घरातल्या बाईलाच म्हणतो, जरा तुळईला हात लावा. चार वर्षांपूर्वी अशीच चार माणसं दुकानात आली होती, पांढरी टोपी, पांढरी धोतरं, बोलणं तोलून मापून. पक्षाचं काम या भागात उभं करायचंय, म्हणाली, तुमच्यासारखा माणूस हवा. ज्योतीराम चाकाचे आरे आवळत होता. "माझ्यासारखा म्हंजे?" त्यानं विचारलं होतं. त्यावर ती एकमेकांकडे बघून हसली फक्त. दत्तोबा तिथंच पंपावर बसला होता. ती माणसं गेल्यावर तो म्हणाला, "आरं राव, इतकं बी कळंना व्हय? त्यांच्यात समदे पुन्याच्या पेठंतले. गावात मतं मागाया पाटलाकुणब्याचं थोबाड लागतं. तुझं थोबाड बरं हाय." ज्योतीराम खो खो हसला होता आणि अध्यक्ष झाला होता. त्याच्या नावाचे छापील कागद आले. कागदाचा गठ्ठा आणि शिक्का मात्र दादांच्या खोलीवर असे, संघटनमंत्री म्हणून. दादा एकदम वीस-वीस कोऱ्या कागदांवर ज्योतीरामच्या सह्या घेऊन ठेवत. दौऱ्यावर असताना खोळंबा नको. ज्योतीराम जीभ बाहेर काढून, शाळकरी पोरासारखा, वळणदार सह्या करी. इंदू कंदिलाची काच पुसत ते बघे. तिला अभिमान वाटे. आज तिला वाटलं, तेव्हा तो कागद कोरा होता हे आपल्याला दिसलं कसं नाही?

मागच्या साली समितीची निवडणूक झाली आणि ज्योतीराम बदलला. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळे पक्ष एका मांडवात आले होते, लाल बावटेवालेही. चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगाऱ्यावर उभा राहून तो बोलला. माणसं कांदे निवडायची थांबली. घरी आला तर डोळे कसे झाले होते त्याचे! निवडणूक सरली तरी तो त्या मांडवातून बाहेर आलाच नाही. कामगारांच्या सभेला लाल बावटेवाल्यांच्या शेजारी जाऊन बसला. दादा एवढंच म्हणाले, "बघा, विचार करा." मग आठच दिवसांनी, न्हाव्याकडे दाढीचा साबण तोंडाला लागलेला असताना, ज्योतीरामनं पुण्याच्या वर्तमानपत्रात स्वतःचंच निवेदन वाचलं. या भागातली पक्षाची शाखा यापुढं अशा सभांशी संबंध ठेवणार नाही. खाली, ज्योतीराम कड, अध्यक्ष. तो अर्ध्या दाढीनं घरी आला होता. साबण गालावर वाळलेला. "माझं हाय म्हंत्यात," तो म्हणत होता, "सही माझी हाय, इंदू. शब्द कुणाचे हायेत?" त्या अर्ध्या दाढीच्या तोंडाकडे बघून तिला आधी हसू आलं होतं. त्याचं तिला अजून वाईट वाटे.

तेव्हापासून तो कामाला लागला. ठराव मांडायचा: अध्यक्षानं वाचल्याशिवाय त्याच्या नावानं काही निघणार नाही. एवढंच. कार्यकारिणीतल्या एकोणीसमधले अकरा त्याच्या बाजूचे होते. अकरा नावं त्यानं तिला बोटांवर मोजून दाखवली होती, आणि अकरावं मोजायला बोट उरलं नाही म्हणून बाळाचं बोट धरलं होतं. मैदानवाले, म्हणजे संघटनेचे लोक, आठ. दत्तोबा त्यांना मैदानवालेच म्हणे, रोज संध्याकाळी मैदानावर जमतात म्हणून. ज्योतीरामही मैदानावर जाई, हजेरीपुरता; पण खेळताना लहान पोरांना कडेवर घेई, तेव्हा शिस्त मोडली म्हणून शिट्टी वाजे. तिनं त्याला विचारलं होतं, "दादांना सांगून टाका की. ते ऐकतील." तो म्हणाला होता, "दादा ऐकत्यात समद्यांचं. बोलत्यात कुणाचं, ते ठावं न्हाई मला."

मग अकराचे दोन झाले कसे?

तिनं आधी टपालवाल्यावर संशय घेतला, मग शेजारच्या सुमनताईंवर, कारण त्यांचा दीर मैदानावर शिट्टी वाजवी. मग तात्याबावर. मग, एक क्षणभर, दत्तोबावर. पिंपरीच्या बाजूनं वारा फिरला आणि औषधाच्या नव्या कारखान्याचा आंबूस वास घरात शिरला, बुरशीसारखा. लोक म्हणत, तिथं बुरशीपासून औषध करतात, आणि त्या बुरशीनंच माणसं जगतात आता. तिनं खिडकी लावून घेतली. आणि खिडकीची कडी घालता घालता तिला गेला गुरुवार आठवला. आठवला म्हणजे काय, तो तिथंच होता, चुलीशेजारी, फक्त तीच त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

गेल्या गुरुवारी मेथीची भाजी होती. पाहुणा जेवत असताना मुकं राहू नये, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. समोर बसून चार गोष्टी बोलाव्यात, म्हणजे तो पोटभर जेवतो. आणि दादा ऐकत किती छान. मान तिरपी करून, घास हातात थांबवून. तिचं असं कुणी ऐकत नव्हतं. ज्योतीराम थकून आलेला असे, सासरच्या माणसांना बाईचं बोलणं म्हणजे भांड्यांचा आवाज. गुरुवारचा तो अर्धा तास तिचा होता. तेव्हा दादांनी काही विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर ती सावध झाली असती. ते इतकंच म्हणाले होते, "दमलेल्या दिसता." आणि तिनं सगळं ओतलं होतं: दमणार नाही तर काय दादा, बाळाला दात येतायत आणि यांचा घरात पाय नाही. सोमवारी पुनावळ्याला चिमाजीभावजींकडे गेले ते दिवेलागणीला परत. मंगळवारी पिंपळे गुरव, तात्याबांकडे, तिथं जेवूनच आले, मी भाकरी थापून बसलेली. बुधवारी चाकणच्या पुढं, भावकीत. विचारलं तर म्हणतात, बैठकीच्या आधी भेटलेलं बरं. मला मेलीला कसली बैठक नि कसलं काय! आणि ती हसली होती. दादाही हसले होते. मग त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली होती. दादा कधी मागत नसत. तिला किती आनंद झाला होता त्या अर्ध्या भाकरीचा.

बायकोचं कौतुकाचं रडगाणं. नवऱ्याला नावं ठेवताना त्याचा मोठेपणा सांगायचा, ही बायकांची जुनी रीत. त्या रडगाण्यात सगळी गावं होती, सगळी नावं होती, वारांसकट. इंदूनं भिंतीला डोकं टेकलं. आता तिला दिसत होतं ते एकटं तिचं स्वयंपाकघर नव्हतं. सोमवारचं घर, मंगळवारचं घर, बुधवारचं. प्रत्येक घरी एक पाट, एक ताट, समोर एक बाई, कुणी सारजाबाई, कुणी अंबूबाई, वाढता वाढता सांगणारी. पक्षाची बैठक रविवारी होत असेल. पण ती खरी भरत असे सोमवार ते शनिवार, चुलीपुढं, आणि तिच्यात अध्यक्षाला बोलावणं नव्हतं. त्याच्या बायकोला होतं. मग तिला नको ते वाटू लागलं. बाळाचा ताप विचारला तेव्हाही का? भाऊबिजेला लाजले तेव्हाही? भर दुपारी इंजेक्शन आणायला सायकल मारली, तेव्हाही मनात कुठं तरी हे घर हाताशी राहावं म्हणून? छे. छे. हिरा जिवंत बसली होती उंबऱ्यावर, मोराला तुरा काढत, आणि तिची आई तिच्या जिवाच्या देण्यातही खोट शोधत होती. इंदूला स्वतःची किळस आली. पण संशय एकदा दुधात पडला की तो वरच्यावर काढून टाकता येत नाही. तिला असंही वाटलं की, दादांनाही कळत नसेल कदाचित, आपण कुठं भाऊ असतो आणि कुठं संघटनमंत्री. त्यांच्यापाशी दोन मनं ठेवायला जागाच नव्हती. दोन सदरे तेवढे होते. आणि यातलं कुठलं जास्त भीतीदायक, हे तिला ठरवता येईना.

सांगून टाकायचं. ज्योतीराम आला की आधी पाणी द्यायचं आणि सांगून टाकायचं. तिनं शब्दही जुळवले. अहो, माझ्याकडूनच गेलं. मला कळलं नाही. चार शब्द तर होते.

तो अडीचच्या गाडीनं आला. टायरचं ओझं त्यानं दुकानात आदळलं, आत आला आणि पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून उभा राहिला.

"तात्याबा भेटला स्टेशनावर," तो म्हणाला. "भेटला म्हंजे, मला बघून रूळ वलांडून पलीकडं गेला. इंजिन येत हुतं तरी गेला. मी हाक मारली. वळून बघंना."

"अहो..."

"थांब. मग चिमाजीचा पोरगा भेटला. त्याला इचारलं. म्हंतो, वझेदादा आलते, रात... न्हाई, परवा दुपारी जेवाय आलते. माज्या बापाला म्हनले, ज्योतीरामला लाल लोकांनी फितवलंय, त्येला सावरायचाय आपल्याला. सावरायचाय!" त्यानं तांब्या खाली ठेवला, पाणी न पिता. "इंदू, मी ज्या दारी गेलो त्याच दारी गेला तो मानूस. दारं कुणी दावली त्येला?"

तिच्या तोंडाशी शब्द आले होते. तिनं तोंड उघडलंही.

"तुज्याबिगर मी फकस्त दत्त्याला बोललो हुतो," तो म्हणाला. "दत्त्याला. संगं गुरं राखली आमी. एका ताटात जेवलो." मग त्यानं तिच्याकडे बघितलं. दमलेलं, उघडं बघणं. "आता तूच एक ऱ्हायलीस बघ. बाकी समदं घर फुटलं."

आणि ते चार शब्द तिनं गिळले. मनात म्हणाली, जेवू दे आधी. जेवल्यावर सांगू. तो जेवला नाही. दुकानात जाऊन बसला आणि नव्या चाकाला ट्यूब चढवू लागला. तिनं बाळाला पाळण्यात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. रविवारी सतरा हात वर जातील, तो उभा राहील एकटा, त्याला काही कळायच्या आत. त्याआधी सांगायला हवं. दादांचं म्हणणंही सांगायला हवं, स्वतःहून बाजूला व्हा म्हणून. पण ते सांगायचं तर दादा तिच्याशी का बोलले, हेही सांगावं लागणार होतं.

चारच्या सुमाराला खडकीची पाळी सुटली आणि रस्ता सायकलींनी भरला. दत्तोबा नेहमीसारखा कारखान्यातून थेट आला, सायकल दुकानाच्या खांबाला लावून. "काय अध्यक्ष!" तो बाहेरूनच ओरडला. "च्या टाका, वैनी. आज लोखंड खाल्लंय दिसभर."

"अध्यक्ष म्हनू नगंस," ज्योतीरामचा आवाज आला.

"बरं, हवालदार म्हंतो. झालं काय?"

"किती दिलं रं मैदानवाल्यांनी?"

इंदू आतल्या दाराशी आली. दत्तोबा अजून हसतच होता, थट्टा कळली नाही की माणूस हसतो तसा. "कशाचं?"

"माझी गावं इकल्याचं. पुनावळं, पिंपळे गुरव, चाकण. का फुकटच दिलीस?"

"आरं राव, डोकं हाय का ठिकानावर? मी इकीन तुला?"

"तुला ठावं हुतं. दुसऱ्या कुणाला ठावं न्हवतं."

"म्हनून मीच व्हय?" दत्तोबाचं हसू आता गेलं. काळवंडलेले हात त्यानं पँटीला पुसले, पुसता पुसता थांबला. "पाच साल झाली, सांगतोय तुला, ती मानसं तुजी न्हाईत. तवा तूच म्हनालास, दत्त्या, तू जळतोस. आता मी त्येंचा झालो? माज्या घरी त्यो वझ्या पान्याला बी येत न्हाई, मी दारातनं हाकलीन म्हनून!"

"तोंडानं हाकलायचं नि मागल्या दारानं..."

"ज्योत्या, तोंड सांभाळ." मग तो वळला. दुकानाच्या अंधारातून त्याला दाराशी उभी असलेली इंदू दिसली. "वैनी, तुमी तरी सांगा ह्येला. तुमी बघता न्हवं मला इतकी वर्सं? सांगा."

दोघेही तिच्याकडे बघत होते. दत्तोबाच्या नजरेत विनवणी होती, आणखी काहीच नव्हतं. त्याला कसलाही संशय आला नव्हता, हे तिला दिसलं. सबंध दिवसात तिला भेटलेलं हे पहिलं माणूस, ज्याला कसलाच संशय नव्हता. एक शब्द पुरेसा होता. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. पाळण्यात बाळ कुरकुरलं. "बाळ उठलंय," ती म्हणाली, आणि आत गेली.

बाहेर दत्तोबा हळू आवाजात म्हणाला, "बरं." सायकल खांबावरून निघाल्याचा आवाज झाला. तो सायकलवर बसला नाही, ती हातात धरून चालतच गेला. ते तिला आतून, भिंतीतून ऐकू येत होतं, रस्त्यावरच्या घंट्यांमधून नीट वेगळं. बाळ खरोखर उठलं नव्हतं. तिनं त्याला उचललं आणि छातीशी धरलं, इतकं घट्ट की ते खरंच रडू लागलं.

ज्योतीराम पुढं ट्यूबमध्ये हवा भरत होता. पंप वर, खाली. हिरा आत आली. तिनं आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. काहीतरी जुळवून बघत असावी तशी तिनं कपाळाला आठी घातली होती, अगदी बापासारखी. मग तिनं विचारलं, कुजबुजून नव्हे, चांगलं मोकळ्या आवाजात:

"आई, पुनावळ्याचं तर तू सांगितलंस दादांना, मेथीची भाजी होती त्या दिवशी. मग आबा दत्तोबाकाकांना का बोलले?"